सासूपर्यंत किती पोचलं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माझे वडील म्हणायचे, परभणीच्या मे महिन्यात जन्मलेली पोर, ही थंड कशी निघेल? आणि असल्या बाईला नोकरी कसली मिळावी, तर लोकांना समजावून सांगायची. मी शेती खात्यात आहे. झरीच्या आसपासची चार गावं माझ्याकडं. तिथं जायचं, बायागड्यांना बसवायचं आणि बी, खत, कीड, फवारणी यातलं सांगायचं. मारुतीचा पार, शाळेचा व्हरांडा, कुणाचा गोठा, जिथं सावली असेल तिथं माझा वर्ग.

आणि मला वाटायचं, मी फार सुंदर सांगते.

वाटायला कारण होतं हो. बोलणं संपलं की टाळ्या. टाळ्यांनंतर चहा, चहानंतर नारळ आणि ब्लाउजपीस. कुणीतरी उठून म्हणायचं की मॅडमनी अमूल्य मार्गदर्शन केलं. शिवाय अभिप्रायाचे छापील कागद असायचे. विषय समजला का, भाषा सोपी होती का, वेळ पुरला का, आणि सगळ्यात खाली, वक्त्याने काय सुधारावे. ते कागद वाटायचे, गोळा करायचे आणि अहवालाला टाचायचे. माझ्या कागदांवर कायम 'उत्तम' असायचं. ते बघून माझी मान जरा ताठ व्हायची, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी एप्रिल संपत आला होता. मी एका गावात घरच्या सोयाबीन बियाण्यावर बोलले. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळं दीड तास बोलले. तीनला सुरू केलं ते साडेचारला थांबले. बी कसं साठवायचं, पोत्यांची थप्पी का लावायची नाही, पोतं का आदळायचं नाही, उगवण कशी तपासायची, बुरशीचं औषध कसं चोळायचं, पेरणी किती खोल, दोन ओळींत अंतर किती, सगळं. मागं कुजबुज झाली तशी दोनदा आवाज चढवला. बायांनी माना हलवल्या. बेचाळीस कागद भरून आले. बेचाळीस 'उत्तम'. काय सुधारावे, याच्यापुढं बेचाळीस वेळा 'काही नाही', आणि सगळे 'काही नाही' एकाच वळणदार अक्षरात. मला हसू आलं, पण टाचले मी ते अहवालाला.

दुसऱ्या दिवशी कळलं की माझा भिंतीवर टांगायचा तक्ता तिथंच राहिलाय. तो आणायला बारा वाजता गावात शिरले. स्कुटीवरून सहज वर बघितलं आणि ब्रेकच दाबला.

माळवदांवर, स्लॅबवर, जिथं बघावं तिथं वाळवण घातलेलं. एका बाजूला पापड, एका बाजूला कुरडया, आणि मधोमध जुन्या साडीवर पसरलेलं पिवळंधमक सोयाबीनचं बी.

आमच्याकडं उन्हाळ्यात सगळ्याला ऊन दाखवतात. गहू, डाळी, मिरच्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं एकदा वर जाऊन येतं. ऊन दाखवलं की कीड मरते, वर्षाची काळजी मिटते, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे आणि खोटंही नाही. फक्त सोयाबीनला ते चालत नाही. त्याचं साल नाजूक, वैशाखाच्या उन्हात आतला कोंब मरून जातो. आणि वरून दाणा दिसतो तसाच, उलट जरा जास्तच चकचकीत. हे मी आदल्या दिवशी घसा फोडून सांगितलं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

माझं डोकं सटकलं. भर रस्त्यात उभं राहून मी वर बघत ओरडायला लागले. काल माना कशाला हलवल्या, टाळ्या कशाला वाजवल्या, मी काय इथं चहा प्यायला येते का, असं काय काय बोलले. दारादारातून बाया बाहेर आल्या आणि अदबीनं ऐकत राहिल्या. एकीनं तर पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यानं माझा राग आणखीच वाढला.

समोरच्या शिडीवरून एक बाई खाली उतरली. तिला मी ओळखत होते, बैठकीला ती कायम पहिल्या रांगेत. आमच्याकडं सुनेला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात. ही सेलूवाली. तिची सासू मानवतवाली. सासू ओट्यावर बसून सगळं ऐकत होती, आणि तिचा चेहरा सांगत होता की ही शहरातली बाई येडी आहे.

सेलूवालीनं मला हाताला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं आणि आपण खाली बसली. मी विचारलं, किती टाकलंय वर? तर म्हणाली, एक पोतं, काल सांजच्यापासून. दुसरं खाटेखाली आहे. नवऱ्याला वर चढवून द्या म्हटलं तर तो कुठंतरी जाऊन बसला, म्हणून ते राहिलं. मी वाकून बघितलं. आयुष्यात कुणाच्या आळशी नवऱ्याचे मी मनापासून आभार मानले असतील, तर त्या दिवशी.

मग तिनं सगळं सांगितलं. दरवर्षी दसऱ्यानंतर ती आणि नवरा ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत. लेक आजीजवळ. आजीला कमी दिसतं, म्हणून चूल, पाणी, धुणं सगळं लेकीवर, आणि नववीत निम्मी शाळा बुडाली. आता जूनपासून दहावी. सेलूवालीनं ठरवलं होतं की औंदा कोयता घ्यायचा नाही. घरची तीन एकर चांगली करायची आणि लेकीची दहावी होईस्तोवर गावात राहायचं. त्यासाठी तिनं मागच्या सुगीतलं दोन पोती बी निवडून, चाळून ठेवलं होतं. ते उगवलं तर राहायचं, नाही तर मुकादमाबरोबर जायचं. हिशेब एवढा सरळ होता.

आणि त्यातलं एक पोतं सकाळपासून माझ्या डोक्यावर तापत होतं.

मी वर जाऊन ते बी स्वतः गोळा केलं. खाली आले, तोंड धुतलं, आणि पुन्हा तिला म्हणालेच, की काल सांगितलं होतं ना. ती म्हणाली, सांगितलं आसंल. मी म्हणाले, आसंल म्हणजे? पहिल्या रांगेत बसली होतीस. ती गप्प. तिच्या गप्प बसण्याचा मला इतका संताप आला की मी म्हणाले, आमच्या सेलूच्या बाया बऱ्या, निदान तोंडावर बोलतात.

ती एकदम वर बघायला लागली. म्हणाली, तुमचं माहेर सेलूचं? मी म्हणाले, हो, जिनिंगच्या मागं. तिचा चेहराच बदलला. ती रेल्वे फाटकाच्या पलीकडची. फाटकापाशी जी बाई बोरं विकायची ती दोघींनाही आठवत होती. पाच मिनिटांत आम्ही दोघी बहिणी झालो, आणि त्याच पाच मिनिटांत ती 'तुमी'वरून 'तू'वर आली.

"आता सांगते," ती म्हणाली. "पाव्हण्याला कुणी खरं सांगत न्हाई. तू माहेरची निघालीस म्हणून सांगते. काल तू लय बोललीस, आन ओरडून बोललीस. ओरडणाऱ्यापुढं माणूस मान हलवतंय, ऐकत न्हाई."

मग तिनं एकेक काढलं, आणि काढता काढता तिला चांगलाच हुरूप आला. साडेतीनला गावात नळ येतो, तासभर. मी तीनला सुरू केलेलं. म्हणजे अर्धा तास बाया माझ्याकडं बघत होत्या आणि पुढचा तास नळाकडं कान लावून बसल्या होत्या. उठायचं कसं, मॅडम बसलेल्या. तक्त्यावरची अक्षरं दुसऱ्या रांगेलाही दिसली नाहीत. मी ज्या क्रमानं सांगितलं त्यात ऊन कुठं आलं, हे तिला आठवतच नव्हतं, कारण त्याच्या पुढंमागं पंधरा गोष्टी होत्या. बी वाळलेलं पाहिजे, एवढं तेवढं ध्यानात राहिलं. मग सासू म्हणाली, वाळलेलं पाहिजे तर वर टाक की.

मी विचारलं, मग ते कागद? सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं ते?

"ते माझ्या पोरीनं भरले," ती म्हणाली. "तुझं चालू व्हतं तवाच."

म्हणजे माझं भाषण उत्तम झालं, हे माझं भाषण संपायच्या आधीच ठरलं होतं. मी तक्ता उचलला आणि निघाले. गावाबाहेर लिंबाखाली गाडी लावून चांगली रडले. रागानं का लाजेनं, ते मलाही ठरवता येईना. चौदा वर्षांची नोकरी, आणि एवढ्या वर्षांत मला कुणी खरं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच तसं नव्हतं, हे उमगायला आणखी दोन दिवस गेले.

पण आधी बियाचं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गोणपाटाचे चार तुकडे घेऊन तिच्या दारात हजर झाले. उगवण तपासायची रीत अगदी घरगुती आहे. ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं आणि रोज पाणी शिंपडायचं. सहा दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तर उगवले तर बी पेरायला चांगलं. हातच्या काकणाला आरसा कशाला. एक गुंडाळी वरच्या पोत्याची, एक खाटेखालच्या. ओळखायला एका गुंडाळीला लाल चिंधी बांधली. मानवतवाली ओट्यावरून म्हणाली, बी काय दवाखान्यात भरती केलंय का?

ते सहा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी सेलूवालीनं गुंडाळ्या उलगडल्या. लाल चिंधीची, म्हणजे उन्हातली, तिनं दोनदा मोजली. सदतीस. बाकीचे दाणे बुळबुळीत होऊन पडलेले. तिनं दुसरी उघडली. तिच्यात पांढरे कोंब असे दाटीनं उभे, की मोजताना बोट घालायला जागा नाही. चौऱ्याऐंशी. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मग हसायला लागली, आणि मीही. एका पोत्यात दोन एकर होत होतं. तिसऱ्यात मूग आणि तूर घालायचं आम्ही तिथंच उकिडवं बसून ठरवलं. पुरेल का, हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

मी तिला म्हणाले, आता मला सांग, मी काय सुधारू? छापील कागदावरचा तो प्रश्न मी पहिल्यांदाच तोंडानं विचारत होते.

ती म्हणाली, मला एकटीला काय विचारतेस, आन बैठकीतल्या बायांना तर मुळीच विचारू नको, त्या छानच म्हणणार. ज्या आल्या नव्हत्या त्यांना विचार. मला कळेना. मग तिनं उलगडून सांगितलं. बैठकीला सुना येतात. सासवा घरी. सून घरी गेली की सासू पहिलं विचारते, काय सांगितलं गं? सुनेच्या डोक्यात जे उरलंय तेवढंच सासूपर्यंत जातं. "सासूला जेवढं कळलं, तेवढंच तू शिकवलंस. बाकीचं वाऱ्यावर गेलं," ती म्हणाली.

बी.एस्सी. करून, तीन-चार प्रशिक्षणं घेऊन मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी पदर खोचला आणि सासवा गाठत सुटले. नऊ घरं केली. सगळीकडं एकच प्रश्न, त्या दिवशी बाईंनी काय सांगितलं, तुम्हांला काही कळलं का? पहिलीनं सांगितलं, बाईंची साडी लय झ्याक व्हती, आंबा कलर. दुसरी म्हणाली, बिस्किटाचा पुडा दिला, पण एकाला एकच. तिसरीला कळलं होतं की बाई फार रागीट आहेत, लेकरू रडलं तर डोळे वटारतात. एकीनं फवारताना तोंड बांधायचं सांगितलं, ते मी त्या दिवशी बोललेच नव्हते, दोन वर्षांपूर्वीचं होतं. मानवतवालीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बियाला ऊन दावल्याबिगर ते ऱ्हातं व्हय?" मी वहीत लिहिलं, सासवा नऊ, बी सावलीत, शून्य.

हा माझा पहिला खरा अभिप्राय. मला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. पण कसलं काय, त्या आंब्याच्या रंगाच्या साडीवर मी घरी जाऊन इतकं हसले की नवऱ्यानं विचारलं, आज तापमान कमी कसं?

आठवड्याभरानं दुसरी बैठक लावली. या वेळी सकाळी आठला, भांडीकुंडी झाल्यावर, नळाच्या भानगडीत न पडता. तक्ता घरी. माईक नाही. मी खाली सतरंजीवर. आणि विषय एकच, बी सावलीत. पण दाखवायचं काय? सेलूवाली म्हणाली, माझं दाखव. मी म्हणाले, अगं, सगळ्या गावापुढं तुझे सदतीस? आपल्याकडं झाकली मूठ ठेवायची रीत. तिचे दोन दिवस झोप नसल्यासारखे डोळे मला दिसत होते. तरी म्हणाली, दाखव. तिनं ताज्या दोन गुंडाळ्या घातल्या होत्याच. त्या बायांपुढं ठेवल्या आणि त्यांनाच मोजायला लावलं.

एक गोष्ट मात्र तिनं माझ्याकडून आधी कबूल करून घेतली. बैठकीत बसायच्या आधी माझ्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. म्हणाली, बाया बोलायला लागल्या का ही गालात धर, आन चावायची न्हाई. मी धरली. अहो, काय यातना! बाया चुकीचं बोलत होत्या, एक म्हणत होती बी पोत्यातच खराब होतं, एक म्हणत होती अमावास्येला निवडलं म्हणून झालं असेल, आणि मी गालात सुपारी धरून घामानं निथळत होते. पण थोड्या वेळानं त्यांच्यातलीच एक म्हणाली, अगं पण पोतं तर एकाच खळ्यातलं आहे ना, मग एक वर गेलं आणि एक खाली राहिलं, एवढाच फरक. मला ते वाक्य सांगायला दीड तास लागला होता आणि तरी पोचलं नव्हतं.

शेवटी 'समजलं का' असं विचारायचं नाही, हेही तिचंच. 'समजलं का' म्हटलं की कोणीही हो म्हणतं. त्याऐवजी मी एकेकीला म्हणाले, मी सासू, तू सून, आता घरी आलीस, सांग. बायांना एवढी मजा आली की विचारू नका. मला सासू करून त्यांनी हात धुऊन घेतले. एकीनं तर बियाचं सोडून मला स्वयंपाकावरून सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सासवांची परीक्षा. नऊपैकी पाच. मी गल्लीत उडी मारायची तेवढी राहिले. आणखी आठ दिवसांनी पुन्हा बसलो. या वेळी पोतं आदळायचं नाही आणि थप्पी लावायची नाही, एवढंच. एकीनं सुचवलं की पोत्यात अंडी आहेत असं समजून ठेवा म्हणून सांगा. मी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नऊपैकी आठ. राहिलेली एक कोण, ते सांगायलाच नको. मानवतवाली ओट्यावर बसून मला म्हणायची, तू रोज का येतीस, तुला घरी काम न्हाई का?

मग बाकीच्या तीन गावांतही मी हेच धरलं. कार्यालयात मासिक बैठकीला सगळे हसले. साहेबांनी विचारलं, अभिप्रायाचे कागद कुठंयत? मी ते जोडलेच होते, पण खाली माझ्या वहीतलं एक पान लावलं. सासवा इतक्या, पोचलं इतकं, आणि काय पोचलं नाही त्याची कारणं. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे रंजक आहे. रंजक तर रंजक. राग आला, पण सुपारीची सवय लागली होती.

जूनमध्ये पाऊस वेळेवर झाला. सेलूवालीनं दोन एकर पेरलं. आठव्या दिवशी मी बांधावर जाऊन बसले. ओळी भरून निघाल्या होत्या, एकही तूट नाही. ती ओळींतून चालत होती आणि मी तिच्याकडं बघत होते, आणि खरं सांगते, नोकरीत मला इतका आनंद कधी झाला नव्हता. श्रावणात मूग निघाला, सुगीत सोयाबीन. दसऱ्यानंतर मुकादम येऊन दारात बसला, चहा पिऊन गेला. तिच्या नवऱ्यानं सांगितलं, औंदा न्हाई जमत. हे ऐकायला मी नव्हते, पण मला त्याच दिवशी फोन आला. ती फोनवर ओरडून बोलत होती, आणि मी तिला म्हणाले, अगं, ओरडणाऱ्याचं मला ऐकू येत नाही.

थंडीत कधी त्या गल्लीतून गेले की बऱ्याच दारांना कुलपं. तिच्या घरातून मात्र चुलीचा धूर, आणि लेक दप्तर घेऊन निघालेली. तिला बघितलं की मी विचारायची, माझ्या भाषणाचे कागद भरलेस का? ती लाजून पळायची. मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. एकही पेपर बुडाला नाही, एकही दिवस बुडाला नाही.

आता मागच्या मे महिन्यातलं सांगते. सोयाबीनच्या बियाण्याची बैठक पुन्हा झाली. या वेळी मी फार थोडं बोलले, निम्मं सेलूवालीच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वही घेऊन निघाले. आठ घरं झाली, आठही पास. शेवटी मानवतवालीचं घर. दहावीचा निकाल माझाच असल्यासारखं वाटत होतं. माळवदावर बघितलं. पापड होते, कुरडया होत्या. बी नव्हतं.

सेलूवाली दारात उभी. सासू ओट्यावर. मी पायरीवर टेकले आणि विचारलं, काल बैठकीत काय सांगितलं, कळलं का काही?

"बैठकीचं मला काय ठावं न्हाई," म्हातारी म्हणाली. "पण तुमा शिकलेल्या बायांना बियातलं कळत न्हाई. सोयाबीनला ऊन दावायचं नसतंय."

मी तोंड उघडलं. सेलूवालीनं मागून नको म्हणून मान हलवली. मी मिटलं.

म्हातारी सांगायला लागली. बी सावलीत ठेवायचं. पोतं अंड्यांसारखं ठेवायचं, आदळायचं न्हाई. एकावर एक थप्पी लावायची न्हाई. पेरायच्या आधी शंभर दाणे गोणपाटात घालून बघायचे. मी हळूच विचारलं, हे तुम्हांला कुणी सांगितलं?

"कोण सांगणार? आमच्यात पहिल्यापासून असंच हाय."

पहिल्यापासून! अंगाचा असा भडका उडाला म्हणता! पंधरा वर्षांची नोकरी, तो नऊ सासवांचा शून्य, ते लिंबाखाली रडणं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. सेलूवाली पदर तोंडात कोंबून हसत होती. आणि मग माझाही भडका विझला, कारण म्हातारीचं खरंच होतं. आता ते त्यांचंच होतं.

मी म्हणाले, बरं झालं सांगितलंत, मावशी.

"समजलं म्हणू नकोस नुसतं," म्हातारी म्हणाली. "सांग बरं परत."

मी मुकाट सांगायला लागले. सावलीत ठेवायचं. थप्पी लावायची नाही. शंभर दाणे गोणपाटात घालायचे. आणि थांबले.

"आन आदळायचं?"

"राहिलं," मी म्हणाले.

म्हातारीनं सुनेकडं बघून कपाळाला हात लावला, मला ओट्यावर जवळ बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सेलूवाली आतून सुपारीचं खांड घेऊन आली. मी ते गालात धरलं आणि नीट ऐकायला लागले.